हजेरीपटावर नसलेलं वर्ष

जून महिन्यात खानदेशात दोनच चौकशा चालतात. पाऊस कुठवर आला, आणि पोराचा नंबर लागतोय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आभाळावर सोडता येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायच्या आधी आईवडील एकमेकांकडे बघतात आणि मग त्यातलं एक जण हळूच सांगतं, "यंदा ड्रॉप घेतोय." विचारणारा समजायचं ते समजतो. धुळ्याकडचा एखादा म्हातारा मात्र इतक्यावर थांबत नाही. तो अहिराणीत सरळ विचारतो, "मंग आते पोऱ्या काय करस?" या साध्या प्रश्नापाशी पुष्कळ घरांची गाडी अडते. आता पोरगा करतो काय? तो कॉलेजात नाही, नोकरीत नाही, शेतात नाही. बारावी पास झालाय, तरी बारावीचाच अभ्यास करतोय. वैद्यकीयला प्रवेश मिळावा म्हणून आयुष्यातलं एक अख्खं वर्ष त्यानं बाजूला काढून ठेवलं आहे.

मी बत्तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. सुरुवातीची काही वर्षं धुळ्यात, बाकीची जळगावात. विज्ञान शाखेतल्या 'बी ग्रुप'ची बहुतेक मुलं मनातल्या मनात डॉक्टर झालेलीच असतात. बेडकाचं हृदय शिकवताना त्यांच्या डोळ्यांत गावातल्या दवाखान्याची पाटी दिसते. त्यातली मोजकीच पहिल्या झटक्यात पुढे जातात. उरलेल्यांपैकी काही वाट बदलतात आणि काही पुन्हा त्याच दारात उभी राहतात. आज लिहायचं आहे ते या दुसऱ्यांदा उभ्या राहणाऱ्यांबद्दल. हुशार मुलांचे सत्कार होतात, नापासांना धीर द्यायला माणसं असतात. हे मधले मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसतात.

ही दुसऱ्यांदा उभं राहण्याची रीत काही नवी नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकलचं दार उघडायचं. नंतर दहा अधिक दोन आलं आणि बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या गुणांना सोन्याचा भाव आला. नव्वदच्या दशकात एकेका गुणासाठी घरात सुतक पडलेलं मी पाहिलं आहे. तेव्हाही काही मुलं बारावी पुन्हा द्यायची. त्यांना 'रिपीटर' म्हणत, आणि हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. श्रेणीसुधाराची सोय मंडळाने आजही ठेवली आहे, पण मेडिकलसाठी तिचा उपयोग आता फारसा उरलेला नाही. खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून पन्नास टक्के आणि राखीव गटाला चाळीस टक्के पडले की बारावीचं काम संपतं. बाकी सगळा न्याय 'नीट'च्या एका दुपारी होतो.

त्या दुपारपर्यंत पोचताना नियमांनी मुलांना किती फिरवलं, हे आजच्या पालकांना ठाऊक नसेल. १९९९ च्या सुमारास राज्याची सीईटी आली. तिचा अभ्यासक्रम बारावीचा होता, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नव्हते. २०१२ साली या परीक्षेत थोडक्यात हुकलेला मुलगा वर्षभर तोच अभ्यास घोटून २०१३ मध्ये गेला, तर समोर देशभराची नीट! तिच्यात अकरावीही होती आणि चुकीला दंडही होता. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं नीट रद्द केली, राज्याची परीक्षा परत आली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयानं आपला निकाल मागे घेतला, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर गोंधळ उडाला. त्या वर्षापुरत्या राज्याच्या जागा अध्यादेशानं सीईटीकडे राहिल्या आणि २०१७ पासून सगळं नीटच्या ताब्यात गेलं. म्हणजे २०१६ ला ड्रॉप घेतलेल्या मुलानं पुन्हा एकदा भलत्याच परीक्षेची तयारी केलेली होती. शर्यत हरलेल्याला पुढच्या वर्षी मैदानच बदललेलं मिळावं, असं आमच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला चार वर्षांत दोनदा आलं. वयाचंही तेच. २०१८ मध्ये खुल्या गटाला पंचवीस वर्षांची मर्यादा घातली, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि मार्च २०२२ मध्ये मर्यादा उठली. आता कितीही वेळा बसा, कितव्याही वर्षी बसा.

आणि गुणांचा भरवसा तरी कुठे आहे? २०२४ च्या नीटला देशभरातून तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्या वर्षी ७२० पैकी ७२० गुण आधी सदुसष्ट जणांना मिळाले, वाद आणि फेरनिकालानंतर ते सतरा उरले. आपल्या राज्यात खुल्या गटातली सहाशेच्या वर गुण मिळवलेली पोरं सरकारी जागेशिवाय घरी बसली. त्यांतल्या कितीकांनी ड्रॉप घेतला. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. सरकारी जागा आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ कमी गुणांवर मिळाली. ज्यानं वर्षभर खपून गुण 'वाढवायचे' ठरवलं होतं, त्याचे गुण कमी झाले आणि तरी नंबर लागला, असंही घडलं. आईला हे समजावून सांगताना त्या पोराची काय तारांबळ उडाली असेल!

आता आपल्या मुलखाकडे या. १९८८ पर्यंत खानदेशात एमबीबीएसचं एकही कॉलेज नव्हतं. डॉक्टर व्हायचं म्हणजे पुण्याला बी. जे. नाही तर मुंबई, औरंगाबाद, मिरज. १९८८ मध्ये धुळ्याला सरकारी कॉलेज आलं, तेच आजचं श्री भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय. त्यापाठोपाठ धुळ्यात आणि जळगावात खाजगी कॉलेजं निघाली. जळगावला सरकारी कॉलेज यायला २०१८ उजाडावं लागलं आणि नंदुरबारला २०२०. याला जोड होती प्रादेशिक कोट्याची. अनेक वर्षं सरकारी जागांपैकी सत्तर टक्के त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरातल्या मुलांना मिळत. विभाग तीन होते : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. आपण या 'उर्वरित'मध्ये. साक्रीचा पोरगा आणि दादरचा पोरगा एकाच रांगेत. मागासलेपणाचं वजन विदर्भ-मराठवाड्याच्या पारड्यात पडलं, आमचं पुण्या-मुंबईच्या पारड्यात. २०२० च्या सप्टेंबरात हा कोटा रद्द झाला तेव्हा मराठवाड्यात त्याचं स्वागत झालं, हे मी समजू शकतो. पण या हिशेबात खानदेश नावाचा विभागच कधी नव्हता, याची खंत इकडे कुणी फारशी बोलून दाखवली नाही. आमच्याकडे लोक बोलत नाहीत, ड्रॉप घेतात.

हे वर्ष प्रत्यक्षात कसं जातं? ज्याच्या घरी पैसा आहे त्याचं सोपं आहे. तो लातूरला, नांदेडला, नाशिकला किंवा कोट्याला जातो. क्लासची फी लाखाच्या घरात, खोली आणि खानावळ वेगळी. जळगावचा रिंग रोड किंवा धुळ्याचं देवपूर इथंही हल्ली बरेच क्लास आहेत. शहरात भाड्याच्या अभ्यासिका निघाल्या आहेत : लाकडी खोकी, त्यात एक दिवा, एक पंखा, मोबाइल चार्ज करायला जागा आणि महिन्याचं भाडं. सकाळी सहाला पोरं आत शिरतात, रात्री दहाला बाहेर पडतात. मी अशा एका अभ्यासिकेत गेलो होतो. चाळीस खोकी, चाळीस पाठी. एकही चेहरा दिसला नाही. शाळेत मी कायम चेहरे पाहून शिकवलं, त्यामुळे ते दृश्य मला फार चमत्कारिक वाटलं.

क्लासवाल्यांना शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. त्यांच्यात उत्तम शिकवणारी माणसं आहेत, आमच्यातलेच काही तिकडे गेले आहेत. क्लास का चालतो याचं कारण साधं आहे. त्या वर्षापुरतं मुलाला बसायला दुसरी जागाच नाही. बारावी पास झाल्या दिवशी कनिष्ठ महाविद्यालयानं त्याचा दाखला हातात दिला, हजेरीपटावरून नाव कमी केलं. त्या क्षणापासून शिक्षण खात्याच्या दृष्टीनं हा पोरगा अस्तित्वात नाही. त्याचं ओळखपत्र संपलं. ग्रंथालयाचं कार्ड संपलं. एसटीचा सवलतीचा पास शाळा-कॉलेजच्या शिक्क्यावर मिळतो, तो गेला. समाजकल्याणच्या वसतिगृहाला प्रवेशाचा दाखला लागतो, तो नाही. शिष्यवृत्ती तर दूरच. महाज्योतीसारख्या संस्थेनं मुलांना टॅब देऊन नीटची ऑनलाइन शिकवणी चालवली, हे चांगलंच केलं, पण ती योजना बेतलेली आहे अकरावीत शिरणाऱ्या मुलांसाठी. एकदा पडून पुन्हा उठणाऱ्याचा रकाना तिथल्याही अर्जात नसतो.

तामिळनाडू सरकारनं नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही. २०२०-२१ मध्ये तिथं मेडिकलला प्रवेश मिळालेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मुलं पहिल्या प्रयत्नातली नव्हती. नीटच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ बोललं जातं, त्या वादात मी पडत नाही. पण या आकड्याचा अर्थ सरळ आहे. डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षं लागतात असं आपण म्हणतो, त्यात आता एक बिननावाचं वर्ष धरायला हवं. त्या वर्षाचा खर्च सरकार करत नाही, कॉलेज करत नाही. तो बाप करतो. ज्याचा बाप करू शकत नाही, त्याची शर्यत पहिल्याच फेरीत संपते. गुणवत्ता यादी छापली जाते तेव्हा तिच्यात हा फरक कुठेही दिसत नाही.

आणि बाप करू शकत असला, तरी तो कुणासाठी करेल? पारोळा तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी होती. वडिलांची चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि थोडी ज्वारी. पोरगी अशी की, पेशीविभाजनाच्या आकृत्या फळ्यावर तिनं काढाव्यात आणि मी बघत राहावं. पहिल्या नीटला तिचा सरकारी नंबर थोडक्यात हुकला. बीएएमएस मिळत होतं, तिला एमबीबीएसच हवं होतं. मी वडिलांना भेटायला गेलो. ओसरीवर बसलो, चहा झाला. ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे हे मला माहीत आहे. पण एक वर्ष घरी बसवली तर गावाला काय सांगू? कॉलेजला जाते म्हटलं तर कुणी बोलत नाही. घरी आहे म्हटलं की स्थळं येतात." हा माणूस वाईट नव्हता. मोठ्या मुलानं आयटीआयआधी दोन वर्षं अशीच काढली होती, तेव्हा त्याला कुणी स्थळ आणलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. तो स्वतःच म्हणाला, "पोऱ्याचं वर्ष वाया गेलं तर वर्ष गेलं, पोरीचं गेलं तर…" आणि पुढचं बोलला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या घराला पैशाइतकीच एका नावाची गरज आहे. मुलगी 'कुठं आहे' याला एक उत्तर हवं होतं. मी सुचवलं, तालुक्याच्या कॉलेजात एफ.वाय. बी.एस्सी.ला नाव घाला. फी थोडी. ओळखपत्र मिळेल, ग्रंथालय मिळेल, पास मिळेल. बायकांना एसटीत अर्धं तिकीट २०२३ पासून आहेच. सकाळी कॉलेज, दुपारी अभ्यास. वडिलांचा चेहरा सैल झाला. "असं आहे का? मग ठीक आहे."

यात मी काही शोध लावला नव्हता. खानदेशातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाला हे माहीत आहे. एफ.वाय.चे वर्ग जुलैत भरलेले असतात, प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की थोडे ओसरतात आणि परीक्षेच्या दिवसांत निम्मी बाकं नीटच्या पुस्तकांनी भरलेली असतात. प्राध्यापक चिडतात. त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. आपण वनस्पतिशास्त्र शिकवावं आणि समोरच्यानं बाकाखाली भौतिकशास्त्राची बहुपर्यायी प्रश्नपत्रिका सोडवावी, यात अपमान आहेच. तो पहिल्या वर्षाचा वर्ग म्हणजे भुसावळच्या फलाटावरचं प्रतीक्षालय झालं आहे. सगळ्यांचं सामान तिथं, लक्ष मात्र दुसऱ्याच गाडीकडे.

माझ्या मावसबहिणीची नात न्यू जर्सीत एडिसनला राहते. या विषयावर तिच्याशी बोलताना मला आपल्या प्रतीक्षालयाचं खरं रूप कळलं. तिकडे डॉक्टर व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी लागते. त्या चार वर्षांतल्या विज्ञानविषयांचे गुण, शिवाय एमकॅट नावाची परीक्षा आणि मुलाखत, असं सगळं बघून प्रवेश ठरतो. हिचं सेंद्रिय रसायनात घसरलं. आपल्याकडे अशी पोर घरात तोंड लपवून बसली असती. ती गावातल्याच कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली. ही कॉलेजं तिकडे गावोगाव आहेत. पहिलं १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट इथं निघालं. प्रवेशाला कुणी अडवत नाही, वय विचारत नाही, फी विद्यापीठाच्या मानानं थोडी. तिच्या बाकावर एक निवृत्त पोलीस होता, एक दोन मुलांची आई होती, आणि एक तिच्यासारखाच मेडिकलच्या वाटेवर अडखळलेला. शिकवलेलं, लिहिलेलं, मिळालेले गुण, सगळं तिच्या नावावर नोंदलं गेलं आणि अर्जासोबत गेलं.

तिकडे सगळं गोड आहे असं कुणी समजू नये. जुने कमी गुण पुसले जात नाहीत. अर्जात दोन्ही वेळचे गुण धरून सरासरी काढतात. ऑस्टिओपॅथी शाखेच्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवे गुण जुन्यांची जागा घ्यायचे, ती सवलत २०१७ मध्ये बंद झाली. कम्युनिटी कॉलेजातले विषय म्हटल्यावर नाक मुरडणारी मेडिकल कॉलेजंही आहेत. आणि तिकडची मेडिकलची फी ऐकली तर आपल्या खाजगी कॉलेजांचे चालकही अवाक होतील. पण एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तिथं घसरलेल्या विद्यार्थ्याला जायला एक सार्वजनिक जागा आहे, आणि तिथं गेलेलं वर्ष मोजलं जातं. आपल्याकडे पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा आहे, जागा नाही. कितीही वेळा परीक्षेला बसा, मधल्या काळात बसायचं कुठं ते तुमचं तुम्ही बघा. आणि जागा नसली की मुभा विकत घ्यावी लागते.

जागा नाही असं म्हणतो खरा, पण इमारती आहेत. जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं प्रताप, धुळ्याचं जयहिंद आणि एसएसव्हीपीएस, शिवाय चोपडा, शिरपूर, दोंडाईचा, साक्री इथली कॉलेजं. या जुन्या संस्था लोकांच्या देणग्यांतून आणि वर्गण्यांतून उभ्या राहिल्या. कापसाच्या पैशावर शिक्षण उभं करणारा हा मुलूख आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला ठरावीक अटी पुऱ्या केल्यावर प्रमाणपत्र मिळू शकतं, मिळवलेली क्रेडिट्स बँकेत ठेवल्यासारखी जमा राहतात. म्हणजे एफ.वाय.चं वर्ष आता कागदावर तरी वाया जात नाही. मग याच वर्गात उघडपणे एक 'पुन्हा प्रयत्न' करणाऱ्यांची तुकडी का असू नये? सकाळी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, दुपारी त्याच शिक्षकांनी घेतलेली नीटची उजळणी, फी एफ.वाय.इतकीच. जीवशास्त्र, रसायन, भौतिक शिकवणारी माणसं तिथं आहेतच. लपून चालतं ते उजेडात आणायचं, इतकंच.

लोक यावर आक्षेप घेतात, आणि ते खोटे नाहीत. पहिला असा की, कॉलेजात पुरेसे शिक्षकच नाहीत, निम्मे तासिका तत्त्वावर राबतात, त्यांच्यावर आणखी ओझं कशाला? याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे : त्यांना त्या तासांचे पैसे द्या. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. फार मोठा निर्णय. पण त्या फीपर्यंत पोचायच्या आधीचं जे वर्ष आहे, तिथं पारोळ्याच्या त्या मुलीला कुणी एक रुपया देत नाही. पाच वर्षांचं बिल भरायला तयार असलेल्या सरकारला दाराबाहेरच्या ओट्यावर एक बाक टाकणं जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. अशी सोय केली तर पोरं आणखीच अडकून पडतील, दोन-तीन वर्षं तिथंच घालवतील. या भीतीशी मी सहमत आहे. एक ड्रॉप समजू शकतो. दुसरा क्वचित, घरचं आजारपण वगैरे कारण असेल तर. तिसऱ्याला मी माझ्या विद्यार्थ्यांना स्पष्ट नाही म्हणत आलो. मला असे पोरगे माहीत आहेत की ज्यांनी चार वर्षं नीट दिली, आणि शेवटी परदेशी गेले, किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया. २०२२ मध्ये युक्रेनमधून परत आलेल्या मुलांची धावपळ आपण टीव्हीवर पाहिली, तीसुद्धा याच रस्त्यानं तिकडे गेलेली होती. पण अडकून पडण्यावर उपाय बिननावाचं वर्ष हा नव्हे. खोक्यात एकट्या बसलेल्या मुलाला "बाबा रे, आता पुरे, तुझं डोकं संख्याशास्त्रात छान चालतं, तिकडे जा," असं सांगणारं कुणी नसतं. क्लासला ते सांगणं परवडत नाही, फी बुडते. वडिलांना ते जमत नाही. वर्गातला शिक्षक ते सांगू शकतो, कारण तो त्या मुलाला रोज प्रयोगशाळेत पाहत असतो.

आता या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारणारच. दुसऱ्या वेळी तिचा नंबर धुळ्याला लागला. मला हे लिहिताना आनंद होतो, पण तिच्यासोबत त्या वर्गात आणखी एक मुलगा होता, रिक्षावाल्याचा. तो दुसऱ्या वेळीही हुकला, आणि एस.वाय.ला गेला, मग सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झाला. आज तो एका दूधसंघाच्या प्रयोगशाळेत आहे. त्याचं वर्ष वाया गेलं नाही, कारण ते कुठेतरी नोंदलेलं होतं. दोघांनी सारखाच अभ्यास केला. एकीचा नंबर लागला आणि एकाचा नाही, यात माझ्या दृष्टीनं बातमी अशी काही नाही. दोघांनाही त्या वर्षी बसायला बाक होता, ही बातमी आहे.

गेल्या वर्षी एका ग्रामीण कॉलेजात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, जो आता तिथं प्राणिशास्त्र शिकवतो, दुपारी तीननंतर प्रयोगशाळा उघडी ठेवायला सुरुवात केली. फी नाही, जाहिरात नाही. पहिल्या आठवड्यात सहा मुलं आली, दिवाळीपर्यंत एकतीस. त्यातली नऊ कुठल्याच कॉलेजात नव्हती, नुसतीच ड्रॉपवाली. शेजारच्या गावांहून सायकलवर येत. पुढे कॉलेजच्या कार्यालयानं त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "सर, कुणी रागावलं नाही. वीजबिलाचंही विचारलं नाही. हेडक्लार्कनी नुसतं विचारलं, की या नऊ जणांची हजेरी कुठल्या वहीत लावायची?" त्यानं बाजारातून बारा रुपयांची शंभरपानी वही आणली आहे. वरच्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही.